आधी केस बांध, मग उड

सुपरहिरो कॉमिक्समधल्या बायकांचा विषय निघाला की पाच मिनिटांत गाडी कपड्यांवर येते. किती घातलेत, किती घट्ट आहेत, मांडी किती दिसते. एक पक्ष म्हणतो, ही काय मुलींच्या हातात द्यायची चित्रं आहेत? दुसरा म्हणतो, अहो, सुपरमॅन तरी कुठे सैल झब्ब्यात फिरतो, तो तर चड्डीसुद्धा वरून घालतो. हशा पिकतो, चहा येतो, विषय संपतो. आक्षेप घेणाऱ्यांची कळकळ मला मान्य आहे. पण कापड मोजून नायिकेची किंमत कळत असती, तर वंडर वुमनची सर्वांत दुबळी वर्षं नेमकी तिच्या अंगभर कपड्यांच्या काळातली निघाली नसती.

ती हकीकत सांगण्यासारखी आहे. वंडर वुमन आली १९४१ मध्ये. तिचा जनक विल्यम मोल्टन मार्स्टन हा मानसशास्त्रज्ञ. खोटं बोलताना माणसाचा रक्तदाब वाढतो, यावरून खोटं पकडायच्या चाचणीवर त्याने काम केलेलं. राज्य करायला बायकाच जास्त लायक आहेत, असं तो उघड म्हणायचा. चित्रं एच. जी. पीटर यांची. मार्स्टनच्या गोष्टींत नायिकेला साखळदंडांनी आणि दोरांनी जखडायची हौस इतकी, की त्या काळातही तक्रारी झाल्या, आणि त्या काही उगाच नव्हत्या. तरीही तिची मूळ कथा बघा. बायकांच्या बेटावर स्पर्धा लागते. राणी आपल्या मुलीला भाग घ्यायला मनाई करते. मुलगी तोंडावर मुखवटा चढवून उतरते, सगळ्यांना हरवते आणि तो ताऱ्यांचा पोशाख जिंकून घेते. कुणी तिच्यावर अत्याचार केला म्हणून ती नायिका झालेली नाही. पहिली आली म्हणून झाली.

पुढच्याच वर्षी, १९४२ मध्ये, तिला जस्टिस सोसायटी या सुपरहिरोंच्या मंडळात घेतलं. पद कोणतं दिलं? सेक्रेटरी. मनगटावर गोळ्या झेलणारी बाई बैठकीचे मिनिट्स लिहायला! पोशाख तोच होता, फक्त त्या गोष्टींचा लेखक दुसरा होता. मग १९६८ मध्ये डीसी कंपनीने तिला आधुनिक करायचं ठरवलं. तिने शक्ती सोडली, जुना पोशाख उतरवला, बुटीक उघडलं आणि पांढऱ्याशुभ्र पँटसूटमध्ये एका अंध गुरूकडून हाणामारी शिकायला लागली. अंगभर कपडे, शक्ती शून्य. १९७२ मध्ये स्त्रीवादी कार्यकर्त्या ग्लोरिया स्टायनम आणि त्यांच्या सहकारी बायकांनी 'मिस' मासिक सुरू केलं, तेव्हा मुखपृष्ठावर वंडर वुमन आली ती जुन्या तोकड्या पोशाखात आणि रस्त्यावरून ढांगा टाकत जाणारी, इमारतींहून उंच. वर्षभराने डीसीने तिची शक्ती परत केली. त्या काळातल्या सगळ्यात कडव्या स्त्रीवादी बायकांनी तोकड्या कपड्यातली वंडर वुमन मागून घेतली, हे कपड्यांवरून भांडणाऱ्यांनी जरा ध्यानात ठेवावं.

आता उलट्या बाजूचं उदाहरण. २०१४ मध्ये मार्व्हलने स्पायडर-वुमनची नवी मालिका काढली. पहिल्या अंकाच्या एका विशेष मुखपृष्ठासाठी मिलो मनारा या इटालियन चित्रकाराला बोलावलं. नायिका डोक्यापासून पायापर्यंत लाल कपड्यात, झाकायचं काही बाकी नाही. आणि तरी त्या चित्रावर जगभर रान उठलं, कारण ती इमारतीच्या कडेवर गुडघ्यांवर रांगत चढलेली आणि पार्श्वभाग आभाळाकडे केलेला. तिला तिथून कुठे जायचंय, खाली कोण गुंड उभा आहे, ती झेप घेणार आहे की लपणार आहे, यातलं काहीच त्या चित्रात नाही. आपल्याकडे कोण बघतंय एवढंच तिला माहीत आहे. कपडा पुरता होता, चित्रकाराची नजर वाईट होती.

कॉमिक्स वाचणाऱ्यांना ही नजर चांगली ठाऊक आहे. छाती आणि पार्श्वभाग दोन्ही एकाच वेळी वाचकाकडे वळलेले, मधे कंबर पिळलेल्या फडक्यासारखी. मणका असलेल्या कुठल्याही प्राण्याला हे जमणार नाही. २०१२ मध्ये इंटरनेटवरच्या काही चित्रकारांनी यावर झकास तोड काढली. नायिकांच्या अशाच पोझेसमध्ये त्यांनी हॉकआय या धनुर्धारी पुरुषाला बसवलं. तीच वळलेली कंबर, तेच अर्धवट उघडे ओठ, तीच टाचांवरची कसरत. बघणारा आधी हसायचा, मग त्याला आधीची हजार चित्रं आठवायची. सुपरमॅनही घट्टच कपडे घालतो, या युक्तिवादाला यापेक्षा नेमकं उत्तर मला सापडलेलं नाही. पुरुषाचं शरीर फुगवून काढलंय ते वाचणाऱ्या पोराला 'मी असा झालो तर' असं वाटावं म्हणून. बाईचं शरीर फुगवून काढलंय तेही त्याच पोरासाठी.

मला तर या चित्रांतले कपडे नंतर खटकतात, आधी खटकतात ते केस. सगळ्या नायिकांचे केस मोकळे! आकाशात उडताना, छपरावरून उडी मारताना, आगीत शिरताना, कमरेपर्यंत मोकळे केस. सकाळच्या वेळी ठाणे स्टेशनवर लेडीज डबा जिथे येतो तिथे पाच मिनिटं उभं राहा. गाडीची घोषणा झाली की एकेक बाई काय करते? क्लचर काढून केस वर घेते, ओढणी तिरकी करून कमरेशी गाठ मारते, पर्स पाठीवरून पोटावर आणते, चप्पल घट्ट आहे ना बघते. गाडी थांबायच्या आत तिचं शरीर कामाला लागलेलं असतं, खांदा पुढे, कोपर तयार. हे सगळं तिला कुणी शिकवलेलं नाही. कधीतरी केस दाराच्या गर्दीत अडकले असतील, तेवढं पुरतं. ज्या चित्रकाराने हे पाहिलंय तो आपल्या नायिकेला मोकळ्या केसांनी लढायला पाठवणारच नाही.

किंवा दहीहंडीच्या दिवशी टेंभी नाक्यावर महिला पथकाचा थर लागताना बघा. सगळ्यांची नजर वरच्या पोरीवर असते. तुम्ही खालच्या थरातल्या बाईकडे बघा. पाय फाकवलेले, हनुवटी छातीत रुतवलेली, हात शेजारणीच्या खांद्यावर, पायाच्या बोटांनी रस्ता धरून ठेवलाय. टी-शर्ट भिजून अंगाला चिकटलेला आहे. म्हणजे कपडा घट्टच झाला की! पण त्या दृश्यात कुणाला 'अंगप्रदर्शन' दिसत नाही, कारण ते शरीर काहीतरी पेलतंय आणि पेलताना थरथरतंय. पोटऱ्या दगडासारख्या झाल्यात. चेहरा सुंदर नाही दिसत, वाकडातिकडा दिसतो. नायिकेचा असा वाकडा झालेला चेहरा कॉमिक्सच्या किती पानांवर सापडेल? हल्कचा सापडेल, वुल्व्हरिनचा सापडेल. बाईला मात्र इमारत उचलतानाही गोड दिसावं लागतं.

हे झालं चित्राचं. गोष्टीचं दुखणं याहून खोल आहे, आणि तिथे कपड्यांचा प्रश्न औषधालाही नाही. बॅटगर्ल म्हणजे बार्बरा गॉर्डन, १९६७ पासूनची नायिका. १९८८ च्या 'द किलिंग जोक' या बॅटमनच्या कॉमिकमध्ये ती घरी आहे, साध्या कपड्यांत. दारावर थाप पडते, ती उघडते, समोर बॅटमनचा वैरी जोकर. तो तिच्या पोटात गोळी घालतो, तिचे कपडे उतरवून फोटो काढतो, आणि ते फोटो तिच्या बापाला दाखवतो. कशासाठी? बापाला वेड लागतं का ते बघायला. म्हणजे गोळी बार्बराला, परीक्षा बापाची, आणि शेवटचा सामना बॅटमन आणि जोकरचा. अ‍ॅलन मूर आणि ब्रायन बोलंड यांचं ते काम कलाकुसरीच्या दृष्टीने अव्वल मानलं जातं, आहेही. पण वीस वर्षं गुन्हेगारांशी लढलेली बाई त्यात दोन पुरुषांच्या भांडणातला पुरावा होऊन पडते. तिला काय वाटलं, हे त्या गोष्टीला विचारावंसंही वाटत नाही.

१९९४ च्या ग्रीन लँटर्नमध्ये नायक घरी येतो तर त्याच्या मैत्रिणीचं प्रेत फ्रीजमध्ये कोंबलेलं. त्यावरून लेखिका गेल सिमोन यांनी १९९९ मध्ये अशा मारल्या गेलेल्या, लुळ्या केलेल्या, शक्ती काढून घेतलेल्या स्त्रीपात्रांची यादीच लावली, आणि 'फ्रीजमधल्या बायका' हे त्या प्रकाराचं नावच पडलं. यादी बघून पुरुषही मरतात असं सांगणारे निघालेच. मरतात ना. बॅटमनचंही कंबरडं मोडलं होतं. पण तो बरा होऊन परत आला, आणि बरं होणं ही त्याची गोष्ट होती. नायकाला राग यावा एवढ्याचसाठी बाईला मारायचं, हा लेखकाचा आळस आहे. आपल्याकडच्या मालिकांनाही तो चांगला परिचयाचा आहे.

बार्बराचं पुढे काय झालं ते मात्र मला फार आवडतं. किम येल आणि जॉन ऑस्ट्रँडर या लेखक दांपत्याला तिची झालेली वासलात पटली नाही. त्यांनी तिला चमत्कार करून उभं केलं नाही. व्हीलचेअरवरच ठेवलं आणि तिला ऑरॅकल केलं. संगणकांपुढे बसून सगळ्या शहराची माहिती हलवणारी, बॅटमनलाही जिला फोन करावा लागतो अशी. तेच पात्र, तीच गोळी. फरक इतकाच की या वेळी तिचं तिने काय करायचं ते तिने ठरवलं.

आपल्याकडे हे सगळं आलं ते इंद्रजाल कॉमिक्समधून. १९६४ ते १९९० इतका काळ तो संसार चालला, मराठीतही. नौपाड्यात रद्दीवाल्याकडून भाड्याने आणलेले वेताळाचे अंक आमच्या घरात भावाच्या आधी मी वाचायची. त्यातली वेताळाची प्रेयसी डायना संयुक्त राष्ट्रांत नोकरी करणारी, सूर मारण्यात पटाईत, एकटी जगभर फिरणारी. एवढी कर्तबगार बाई दर दुसऱ्या अंकात कुणीतरी पळवून नेलेली! अमर चित्रकथांनी झाशीची राणी दिली, चांदबीबी दिली, अहिल्याबाई दिल्या, त्याबद्दल कृतज्ञताच आहे. पण या सगळ्या मखरातल्या. त्यांना मत्सर नाही, आळस नाही, विनोद तर नाहीच. हिंदीत सुपर कमांडो ध्रुवची मानलेली बहीण श्वेता चंडिका होऊन लढायची, पण ओळख शेवटी ध्रुवची बहीण अशीच.

२०१४ मध्ये 'प्रियाज शक्ती' आलं. बलात्कारातून वाचलेली प्रिया पार्वतीच्या साथीने वाघावर बसून गावाला जाब विचारते. दिल्लीतल्या २०१२ च्या घटनेनंतरचं ते काम, हेतू स्वच्छ, परिणामही मोठा. त्याला नावं ठेवायची नाहीत मला. पण एक विचार मनातून जात नाही. पीटर पार्कर विज्ञान प्रदर्शन बघायला जातो, कोळी चावतो, शक्ती मिळते. आमच्या मुलीला शक्ती मिळायला आधी तिच्यावर एवढं भयंकर काही व्हावंच का लागतं? तिला नुसता कोळी चावून चालणार नाही का? म्हणून मला २०१५ मध्ये 'टिंकल'मध्ये आलेली विंगस्टार जवळची वाटते. मिझोरामची तेरा वर्षांची मापुई, उडणारी, आणि जग वाचवायचा बऱ्यापैकी कंटाळा असलेली. कंटाळा येण्याची मुभा, हीसुद्धा एक बढतीच.

आता वास्तव काय करतं ते बघा. आमच्या नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर ३० ऑक्टोबर २०२५ ला महिला क्रिकेट विश्वचषकाची उपांत्य फेरी झाली. समोर ऑस्ट्रेलिया, लक्ष्य ३३९. जेमिमा रॉड्रिग्जला याच स्पर्धेत एका सामन्यात बसवलं होतं. आज तिसऱ्या क्रमांकावर जायचंय, हे तिला उतरायच्या काही मिनिटं आधी कळलं. तिने नाबाद १२७ केल्या. पन्नास झाल्यावर बॅट उंचावली नाही, शंभर झाल्यावरही नाही, कारण सामना संपला नव्हता. जर्सी चिखलाने माखलेली, चेहरा घामाने काळवंडलेला. जिंकल्यावर ती ढसाढसा रडली आणि नंतर पत्रकारांसमोर सांगितलं की स्पर्धेत आपण चिंतेने पार खचलो होतो, रोज रडत होतो. तीन दिवसांनी त्याच मैदानावर अंतिम सामना. मूळ संघात नसलेली, प्रतीका रावल जखमी झाली म्हणून आयत्या वेळी बोलावलेली शफाली वर्मा ८७ धावा काढते, दीप्ती शर्मा ५८ धावा करून वर पाच बळी घेते, हरमनप्रीत मागे पळत जाऊन शेवटचा झेल टिपते. भारत ५२ धावांनी विजयी. त्या रात्री सायन-पनवेल हायवेवर हॉर्नचा जो कल्ला चालला होता तो आमच्या खिडकीपर्यंत येत होता.

या कथानकात डावललं जाणं आहे, भीती आहे, रडणं आहे, परतणं आहे. कुणाची बायको, बहीण, मुलगी म्हणून एकही प्रसंग नाही. आणि कुणीही त्या मुलींच्या कपड्यांवर चर्चा केली नाही, कारण वेळच नव्हता.

हे सगळं मी एवढ्या तावातावाने लिहितेय त्याला कारण आमची सोसायटी. क्लबहाऊसमध्ये मुलांसाठी एक पुस्तकांचं कपाट आहे. घर बदलून जाणाऱ्या एका कुटुंबाने त्याला खोकंभर इंग्रजी कॉमिक्स देऊन टाकली. दोन मुखपृष्ठांचे फोटो ग्रुपवर फिरले, 'संस्कार' हा शब्द आला, आणि कमिटीने सोपा उपाय काढला: नायिकांचे अंक बाहेर. छाननी करणाऱ्यांनी आत काही वाचलं नाही. मुखपृष्ठावर बाई दिसली की अंक खोक्यात परत. मागे काय उरलं? बॅटमन, वुल्व्हरिन, आणि हातात दोन-दोन बंदुका घेतलेला पनिशर. रक्ताचा कुणाला त्रास झाला नाही.

बाहेर गेलेल्यांत 'मिस मार्व्हल'चा पहिला खंडही होता. त्यातली कमला खान ही जर्सी सिटीत वाढलेली, पाकिस्तानी आईबापांची सोळा वर्षांची पोर. तिचा पोशाख पूर्ण बाह्यांचा, गुडघ्यापर्यंतचा, बुर्किनीवरून बेतलेला. गंमत म्हणजे शक्ती मिळाल्यावर ती आधी आपल्या आवडत्या गोऱ्या, सोनेरी केसांच्या नायिकेचं रूप घेते, तोकड्या पोशाखासकट, आणि मग वैतागते. केस तोंडात येतात, बूट चावतात, पोशाख नको तिथे वर सरकतो. कपड्यांबद्दल आमच्या कमिटीला जे म्हणायचं होतं ते त्या मुलीने विनोदाने आणि स्वतःच्या अनुभवाने म्हणून ठेवलंय. लेखिका जी. विलो विल्सन, संपादक सना अमानत. २०१५ मध्ये त्या खंडाला विज्ञानकथा आणि अद्भुतकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. बायका लिहायला, छापायला बसल्या की असं काही पानावर येतं. वंडर वुमनचं कॉमिक पहिल्यांदा एका बाईने, ट्रिना रॉबिन्स यांनी, चितारलं ते १९८६ मध्ये, म्हणजे तिच्या जन्मानंतर ४५ वर्षांनी. त्याआधी चाळीसच्या दशकात जॉय हमेल नावाची तरुणी तिच्या गोष्टी लिहीत होती, पण अंकावर नाव छापलं जायचं चार्ल्स मोल्टन, मार्स्टनचं टोपणनाव. पडद्यामागे बाई होती तेव्हाही पडद्यावर पुरुषाचंच नाव.

मी कमिटीला लेखी कळवलं की अंक परत लावा. सेक्रेटरी सज्जन गृहस्थ आहेत, जिन्यात थांबवून म्हणाले, "वहिनी, तुम्ही बाई असून विरोध करता म्हणजे कमाल झाली." मी म्हटलं, तुमच्या उपायाने त्या कपाटात एकही बाई उरली नाही, कमाल तर ती आहे. दहा वर्षांच्या मुलीने तिथे हात घातला की तिला कळणार, साहस करायला पुरुष लागतात, आणि मुलग्यालाही तेच कळणार. वाईट चित्र लपवून मुलांची नजर सुधारत नाही. ते उघडून, 'ही अशी का बरं उभी आहे, असं तुला उभं राहता येतं का बघ' असं विचारलं तर सुधारण्याची शक्यता तरी आहे. शेजारच्या पोराने हे करून बघितलं आणि सोफ्यावरून पडला.

'द किलिंग जोक' लहानांच्या हाती नको, हे मलाही मान्य आहे. तो वरच्या फळीवर ठेवा, मोठ्यांनी मागितला तर द्या. पण मग पनिशरही त्याच फळीवर गेला पाहिजे, वुल्व्हरिनचे रक्तबंबाळ अंकही. नियम वयाचा लावा, मुखपृष्ठावर कोण आहे त्याचा नको. सेक्रेटरींनी डोकं खाजवलं. "आणि वंडर वुमन? ती कुठे ठेवायची?" मी म्हटलं, आधी कुठल्या वर्षाची ते बघू. १९४२ ची असली तर तुमच्याच टेबलावर ठेवा, सोसायटीचे मिनिट्स सहा महिने थकलेत.